उंबऱ्यात की अंगणात?

*काका, मी कराडची, वय ३१. दिवसा एका पतसंस्थेत काम करते, रात्री गाणी लिहिते. कॉलेजच्या गॅदरिंगपासून मी आणि माझी मैत्रीण मिळून गाणी करतो; तेव्हा रिकाम्या वर्गात, बाकावर ठेका धरून. शब्द माझे, चाल तिची. ९ वर्षांत चाळीसेक गाणी झाली असतील. एकांकिकांची, गणपती मंडळांची, एका साखर कारखान्याच्या कार्यक्रमाचंसुद्धा. दोन वर्षांपूर्वी ती पुण्याला गेली. तेव्हापासून मी शब्द व्हॉट्सॲपवर पाठवते, ती चाल बांधून ऑडिओ पाठवते.*

*गेल्या महिन्यात आमचं एक गाणं यूट्यूबवर आलं. मी लिहिलं होतं, 'उंबऱ्यात थांबले ग, आत ना पुढे'. गाण्यात ऐकू आलं, 'अंगणात थांबले ग'. मला कुणी विचारलं नव्हतं. तिचं नाव वर ठळक, माझं खाली वर्णनात, मिक्सिंग करणाऱ्याच्याही खाली. फोन केला तर म्हणाली, "एकच तर शब्द आहे गं, आणि मात्रा सारख्याच आहेत." लोकांना गाणं आवडतंय. आता एका वेबसिरीजवाल्यांना ते हवंय. त्यांच्या कागदावर तिने सही केली, मला म्हणते तूही करून टाक, आपल्यात कसला हिशेब. माझ्या नावासमोर ५,००० रुपये आणि 'सर्व हक्क कायमचे' असं लिहिलंय. तीन आठवडे आम्ही बोललेलो नाही.*

*एका शब्दासाठी इतकं लावून घेणं चूक आहे का? सही करू का? आणि तिच्याबरोबर पुन्हा लिहू का?*

*— उंबऱ्यातली*

काका म्हणालीस, म्हणून अगं-तूगं करतो.

गाण्याची लिंक आणि वहीच्या पानाचा फोटो, दोन्ही पाठवलंस हे फार बरं केलंस. अशा पत्रांतून लोक भांडण पाठवतात, गाणं पाठवायचं विसरतात. मग मी कशाच्या जोरावर बोलायचं? रविवारी सकाळी पेटी काढली, भाता झटकला आणि तुझी ओळ दोन्ही शब्दांनी म्हणून पाहिली. दहा-बारा वेळा झाल्यावर आतून बायकोचा आवाज आला, "नक्की कुठे थांबलीय ती? एकदाचं ठरवा!"

तर आधी शब्दाचं. मैत्रीण म्हणते मात्रा सारख्या आहेत. आहेतच, आणि नुसत्या बेरजेत सारख्या आहेत असंही नाही. उं दोन, ब एक, ऱ्या दोन, त एक. अं दोन, ग एक, णा दोन, त एक. लघू-गुरूचा क्रमसुद्धा तोच. कुणी घाईत म्हणेल की 'ऱ्या' जोडाक्षर आहे, त्याने मागचा 'ब' जड होईल. होत नाही. आचार्यांना नमस्कार करताना 'चा'वर जो धक्का बसतो तो आचाऱ्यांना जेवण सांगताना बसत नाही. तसाच 'उंबऱ्या'तला ऱ्या मागच्या अक्षराला न ढकलता येतो. गाणं दादरा तालात आहे. सहा मात्रांच्या एका आवर्तनात दोन्ही शब्द अगदी काठोकाठ बसतात. म्हणजे मीटरसाठी शब्द बदलावा लागला, हे कारण टिकत नाही.

मग तिने बदलला का? हे मला पेटीवर बोटं ठेवल्यावर कळलं. तिची चाल पहिल्या तीन मात्रा खालीच घुटमळते आणि चौथ्या मात्रेला, म्हणजे तालाच्या 'खाली'वर (आवर्तनाच्या मधल्या हलक्या ठोक्यावर), एकदम तार षड्जाला, वरच्या 'सा'ला, झेप घेते. तिथे तुझा 'ऱ्या' येतो. आता तू स्वतः उभी राहून म्हणून बघ. 'णा' म्हणताना जीभ टाळूवरून सुटली की तोंड मोकळं, आवाज सरळ बाहेर. 'ऱ्या' म्हणताना जीभ आधी हलकेच फिरते, मग 'य'मध्ये अडकते, मग 'आ' उघडतो. मध्य सप्तकात याचं काही वाटत नाही. वरच्या षड्जावर मात्र गायिका जोर लावणार, आणि जोर लावला की तो 'उंबर्र्यात' होणार. मग तो मगाचा न बसणारा धक्का बसतो आणि 'ब' खरोखरच जड होतो. तिने तो शब्द एकदा-दोनदा गाऊन पाहिला असेल, गळ्याला टोचला असेल, आणि हाताशी पहिला आला तो 'अंगणात' घातला असेल. गळ्याला जे कळतं ते तोंडाला सांगता येतंच असं नाही, म्हणून तुला फोनवर 'मात्रा सारख्याच आहेत' एवढंच उत्तर मिळालं.

म्हणजे तिच्या कानाने अडचण बरोबर पकडली होती. उपाय चुकला.

कारण उंबरा गेला की तुझ्या ओळीत उरतं काय? तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभं राहू नये, उंबऱ्यात बसून शिंकू नये, हे आपण आज्जीकडून ऐकत वाढलो. नवी सून माप ओलांडते ते उंबऱ्यावरचं. ज्या जागी थांबायचं नसतं अशी घरातली एकच जागा, आणि तुझी बाई नेमकी तिथे थांबली आहे. 'आत ना पुढे' हे त्यामुळेच लागतं. अंगणात थांबलेल्या बाईला आत ना पुढे जायला काय झालं? ती पापडांची राखण करत बसली असेल. शब्द एकच, पण सगळं गाणं त्याच्यावर टेकलेलं आहे. तेव्हा लावून घेणं चूक नाही. लावून घ्यायलाच हवं, नाहीतर लिहू नये.

आता मी काय करून पाहिलं ते सांगतो. झेप तिथून उचलली आणि पुढच्या आवर्तनात टाकली. 'उंबऱ्यात' सबंध खाली, मध्यम-पंचमाच्या आसपास, बोलल्यासारखा. आणि तार षड्ज 'थांबले'च्या 'थां'वर, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. 'थां' म्हणजे उघडा, भरलेला 'आ', वर अनुस्वाराची घंटा. गायिकेला हवा तेवढा ठेवता येतो. आणि गंमत अशी की गाणं उंचावर जाऊन 'थांबले' म्हणतं आणि खरंच थांबतं. तुझा शब्द राहतो, तिची झेप राहते, फक्त तीन मात्रा पुढे सरकते. मला ही चाल सुचली म्हणून माझीच पाठ थोपटत नाही. ती तिला पाच मिनिटांत सुचली असती, तू शेजारी बसून "उंबरा सोडणार नाही" असं म्हणाली असतीस तर.

इथे तुझ्याकडे वळतो. राग येऊ दे.

कराड-पुणे एसटीने चारेक तासांचा रस्ता. दोन वर्षांत तू किती वेळा गेलीस? पत्रात एकदाही उल्लेख नाही. तू शब्द पाठवतेस, म्हणजे टाइप केलेल्या आठ ओळी. त्यात उंबरा किती मोलाचा आणि दुसऱ्या कडव्यातला 'ओला वारा' किती कामचलाऊ, हे तिला कुठून कळणार? कागदावर सगळे शब्द सारख्याच शाईचे. एका खोलीत बसलं की तू एखादी ओळ वाचताना आवाज खाली आणतेस, एखादीवर भरभर जातेस, आणि चाल बांधणाऱ्याला तेवढं पुरतं. पूर्वी कॉलेजच्या त्या रिकाम्या वर्गात (तूच लिहिलंयस, बाकावर ठेका धरून) तुमचं हेच चालायचं. तेव्हा तिने किती शब्द बदलायला लावले असतील? तुला ते आठवतही नसतील, कारण बदलताना तू तिथे होतीस.

सगळ्या जोड्या अशा शेजारी बसूनच काम करतात असं मी म्हणणार नाही, खोटं ठरेल. इंग्लंडातले एल्टन जॉन आणि बर्नी टॉपिन १९६७ मध्ये एका संगीत साप्ताहिकातल्या जाहिरातीमुळे भेटले. एक २० वर्षांचा, दुसरा १७. तेव्हापासून पद्धत हीच, की बर्नीने शब्द लिहून द्यायचे आणि एल्टनने दुसऱ्या खोलीत पियानोवर एकट्याने चाल लावायची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते काही काळ इतरांबरोबर काम करत राहिले, पुन्हा एकत्र आले, आणि पद्धत तीच राहिली. म्हणजे भिंत मध्ये असली तरी चालतं. फक्त भिंतीपलीकडे काय होणार हे दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत हवं. तुमची भिंत बदलीमुळे आली. ती कुणी ठरवून बांधली नाही, म्हणून तिचे नियमही कुणी ठरवले नाहीत.

याच्या उलट लिव्हरपूलच्या 'बीटल्स' या बँडचे जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी. १९५७ मध्ये भेटले तेव्हा जॉन १६ चा, पॉल १५ चा. सुरुवातीची गाणी त्यांनी समोरासमोर गिटार घेऊन बसून केली. पोरवयातच ठरवून टाकलं की गाणं कुणाचंही असो, नावं दोघांची लागतील. १९६५ चं 'यस्टरडे' हे पॉलचं एकट्याचं गाणं. रेकॉर्डवरही बीटल्सपैकी तो एकटाच आहे, सोबतीला तंतुवाद्यांची चौकडी. तरी श्रेय लेनन-मॅकार्टनी. त्या गाण्याची चाल आधी आली आणि शब्द मिळेनात, तेव्हा तो जागा धरून ठेवायला 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' असं काहीतरी म्हणत राहिला. म्हणजे आपल्या भाषेत अंडाभुर्जी. जगभर ज्यावर लोक डोळे पुसतात ती चाल बरेच दिवस भुर्जीवर निभावली. मला ही गोष्ट आवडते, कारण चालीवर लिहिणारे आपल्याकडचेही सगळे हेच करतात. लाला-लला, नाहीतर भाजीची नावं. मी एकदा एका भक्तिगीताच्या चालीवर 'वांगी भरली का' असे शब्द धरून ठेवले होते आणि रिहर्सलला गायिका तेच गायला लागली.

आणि आपल्या घरचं उदाहरण घ्यायचं तर शब्दांचे गदिमा, म्हणजे माडगूळकर, आणि चालींचे बाबूजी, म्हणजे सुधीर फडके. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला सुरू झालं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत चाललं. ५६ गाणी, दर आठवड्याला नवं. कल्पना आकाशवाणीच्या सीताकांत लाडांची. आपण त्यातली प्रतिभा बघतो आणि हात जोडतो. मला मात्र त्या वर्षाची घाई दिसते. दर आठवड्याला नवे शब्द, नवी चाल, वाद्यमेळ, तालीम, आणि प्रक्षेपणाची वेळ काही पुढे जाणार नाही. अशा धांदलीत मानापमानाला जागाच कुठे राहते? शब्द खटकला तर तिथल्या तिथे सांगायचं, कारण सात दिवसांनी पुढचं गाणं दारात उभं. तुमच्या दोघींच्या गाण्यांमध्ये आता दोन-दोन महिने जातात. तेवढ्या वेळात राग चांगला मुरतो, लोणच्यासारखा.

यशवंत देव गीतकारही होते आणि संगीतकारही, म्हणजे हे भांडण त्यांना स्वतःशीच करावं लागत असणार. त्यांच्या पुस्तकाचं नावच 'शब्दप्रधान गायकी'. भावगीताच्या गावात शब्दाला मान आहे, हे तुझ्या बाजूने सांगण्यासारखं. मैत्रिणीला ते पुस्तक भेट दे. पण आत्ता नको, आत्ता दिलंस तर टोमणा वाटेल.

थोडं माझं सांगतो, कारण मी काही शहाणपणाच्या खुर्चीवर जन्मलो नाही. माझाही एक दोस्त होता, पेटीवाला, चाली बांधणारा. ११ वर्षं आम्ही मिळून बालनाट्यांची, ऑर्केस्ट्राची, निवडणुकीच्या प्रचाराची गाणी केली. नंतर म्हणायचो, निवडून कोण आलं ते आठवत नाही, पण मुखडा आठवतो. एका नाटकाच्या प्रयोगाला मी उशिरा पोचलो, विंगेत उभा राहिलो, आणि माझ्या गाण्याचा तिसरा अंतरा आलाच नाही. गाणं दोन अंतऱ्यांवर संपलं, टाळ्या पडल्या. प्रयोगानंतर तो म्हणाला, "लांबत होतं रे." मी काही बोललो नाही. बोललो नाही ते चार वर्षं. कॉफी हाउसात तो शिरला की मी बिल मागवायचो. चार वर्षांनी एका लग्नाच्या मांडवात शेजारी-शेजारी पंगत लागली. त्याने माझ्या पानात जिलबी वाढायला लावली आणि सुरू झालं बोलणं. आजही महिन्यातून एकदा भेटून मिसळ खातो. गाणं मात्र पुन्हा एकही केलं नाही. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी चाल मागितली नाही.

तो तिसरा अंतरा मागच्या दिवाळीत माळ्यावरच्या वहीत सापडला. चांगला नव्हता. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

तुझा उंबरा माझ्या अंतऱ्यासारखा नाही, तो चांगला आहे, हे वर सांगितलंच. पण तीन आठवडे फार आहेत. तीनाचे तीस व्हायला काही करावं लागत नाही, आपोआप होतात.

आता कागद. हे रुक्ष आहे, पण इथे मऊपणा नको.

आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, गाण्याचे शब्द आणि गाण्याची चाल या दोन वेगळ्या कृती आहेत. शब्द तुझे, चाल तिची, आणि ध्वनिमुद्रण ही आणखी तिसरीच गोष्ट. त्यामुळे तिने सही केली ती तिच्या चालीपुरती. तुझे शब्द तिला कुणाला देता येत नाहीत, आणि तुझ्या सहीशिवाय ते कुणाकडे जातही नाहीत. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरतो. पण तुझ्या कागदावर मुदत लिहिलेली आहे. 'कायमचे.' एका शब्दासाठी भांडायचंच असेल तर या शब्दासाठी भांड. ५,००० कमी की जास्त, यात मी पडत नाही. पहिल्या गाण्याला माणूस पेढ्यांवरही खूश असतो. पण मुदत ठरावीक ठेवायला सांग, आणि गाणं फक्त त्या सिरीजमध्ये वापरायचं की जाहिरातीत, रिंगटोनमध्ये, कुठेही, हेही लिहून माग.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर आणखी एक झालं. सिनेमागृहातलं प्रदर्शन सोडलं तर गाण्याच्या पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा त्यांना सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो, तेवढंच. म्हणजे 'सर्व हक्क' असं कुणी कितीही ठळक छापलं तरी हा वाटा त्यात बसत नाही. तो गोळा करून देणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. गीतकारांना सभासद होता येतं. तू नसशील तर हो, आणि मैत्रिणीलाही व्हायला लाव. सही करण्याआधी एखाद्या वकिलाला कागद दाखव. पतसंस्थेत काम करतेस, कर्जाचा कागद न वाचता सही करणाऱ्यांचं काय होतं ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असशील. तोवर त्या सिरीजवाल्यांना दोन ओळी पाठव, की वाचून कळवते. गाणं पळून जात नाही.

आणखी एक कलम आहे, ५७ वं. हक्क विकले तरी कृतीवर नाव लागण्याचा हक्क लेखकाकडे राहतो, आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचाही. हे तुला माहीत असावं म्हणून सांगितलं. ते घेऊन मैत्रिणीच्या दारात जाऊ नकोस. कलम सांगितल्यावर पेटीवर हात पडत नाही.

"आपल्यात कसला हिशेब" या वाक्याबद्दल माझं मत कडक आहे. ज्यांच्यात हिशेब नसतो त्यांच्यात तो मनातल्या मनात चालू असतो, आणि मनातला हिशेब कधीच जुळत नाही. एक पान घ्या. गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, पैसे आले तर निम्मे-निम्मे की आणखी कसे, श्रेय कुठे आणि कोणत्या क्रमाने, आणि रेकॉर्डिंगच्या आधी शब्द बदलायचा झाला तर फोन करायचा. दोघींच्या सह्या. चाळीस जुन्या गाण्यांचंही एकदा बसून करून टाका, एका दुपारचं काम आहे. त्या दुपारी तुम्हाला निम्मी गाणी आठवणार नाहीत आणि खूप हसाल, हा फायदा वेगळा.

श्रेयाचं एवढं अवघड नाही. रेडिओवर आपण ऐकत आलो: गीत अमुक, संगीत तमुक, स्वर यांचा. एका दमात, एका ओळीत. यूट्यूबवर शीर्षक आणि वर्णन दोन्ही नंतरही बदलता येतं, पाच मिनिटांत. ते तिने मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही; वर्णन लिहिणारा बहुतेक तो मिक्सिंगवालाच असेल, आणि प्रत्येकजण स्वतःपासून मोजायला सुरुवात करतो. माग. सरळ माग, "माझं नाव तुझ्या शेजारी हवं." एवढं वाक्य. त्याला आधी-नंतर काही जोडू नकोस, विशेषतः 'मला वाईट वाटलं नाही पण' असलं काही.

झालेल्या गाण्यातला 'अंगणात' मात्र आता राहू दे. ते लोकांच्या तोंडी बसलंय. पुढे कार्यक्रमात गाल तेव्हा 'उंबऱ्यात' गा, सिरीजसाठी नव्याने ध्वनिमुद्रण होणार असेल तर त्यात घाला. ते करून घ्यायचं असेल तर सहीच्या आधी बोलायला हवं, हे लक्षात आलंच असेल.

जाशील तेव्हा वही घेऊन जा, फोन बॅगेत ठेव. पोचल्या पोचल्या विषय काढू नकोस. चहा होऊ दे. मग म्हण, "झेप 'थां'वर घेऊन बघ ना एकदा." काकांनी सांगितलं असं म्हणायची गरज नाही. ती बोटं ठेवील, वाजवील, आणि तिला आवडलं नाही तर दुसरं काहीतरी काढील जे माझ्यापेक्षा चांगलं असेल. शब्द विचारून का बदलला नाहीस, हे त्यानंतर बोल. पेटी मध्ये असली की बोलणं सोपं जातं, कारण एकमेकींकडे बघावं लागत नाही.

राहिला तुझा तिसरा प्रश्न, पुन्हा लिहू का.

तुझ्या वहीच्या पानावर दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ आहे, 'दीप लावते तरी न सांज ओसरे'. वाचायला सुरेख. आता मुखड्यासारखी सहा-सहा मात्रा मोजून म्हण. 'दीप लाव' इथे आवर्तन संपतं आणि 'ते' एकटा समेवर जाऊन आदळतो. शब्द मधोमध मोडला. तबलजीने सम दाखवली की ऐकणाऱ्याला 'दीप लाव, तेतरी न' असलं काहीतरी ऐकू येणार. तू म्हणशील, मुखड्यात 'पुढे'सुद्धा असाच मोडतो, 'पु' अलीकडे आणि 'ढे' समेवर. पण तिथे शोभतं, कारण 'पु' आखूड आहे, तो धावत येतो आणि 'ढे'वर उडी मारतो. 'लावते'चं तसं नाही, त्याचं वजन 'ला'वर आहे. ही चूक आहे. माझ्या हातूनही होते, तुझ्या हातून झाली.

आणि तरी गाण्यात ती ऐकू येत नाही. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं तेव्हा कळलं. बाकी सगळ्या ओळी समेवर सुरू होतात. ही एकच ओळ तिने तीन मात्रा आधी, मागच्या आवर्तनाच्या खालीवरून उचलली आहे. 'दीप' त्या तीन मात्रांत संपतो, 'लावते' सबंध समेवर येतो, मग 'तरी'चा 'री' पुढच्या समेवर उडी मारतो, आणि 'ओसरे' बरोबर त्याच्या पुढच्या समेवर उतरतो. एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही. हे आपोआप होत नाही. त्यासाठी तुझी ओळ घेऊन बराच वेळ कुणीतरी बसलेलं असतं.

याबद्दल ती तुला काही बोलली होती का? पत्रात तरी दिसलं नाही. एसटीत खिडकीची जागा मिळाली तर १ मिनिट ५२ सेकंदांपासून ऐक, आणि बोटांवर सहा मोज.